एका ख्रिस्ती वाटाड्याची हकीकत

ईश्वराकडे जाणाऱ्या माणसाला दुसऱ्या माणसाच्या हाताची गरज असते कीं नाहीं, हा प्रश्न महाराष्ट्रांत वाढलेल्या मनुष्यास फारसा पडत नाहीं. निवृत्तिनाथांवांचून ज्ञानेश्वर किंवा जनार्दनस्वामींवांचून एकनाथ ही कल्पनाच आपणांस करवत नाहीं. आणि तुकोबांना तर गुरु स्वप्नांत येऊन भेटला. परंतु सोळाव्या शतकांत युरोपांतील ज्या ख्रिस्ती लोकांनीं रोमच्या धर्मपीठाशीं संबंध तोडला, त्यांच्यापुढें हा प्रश्न मोठ्या अडचणीचा होऊन बसला. ईश्वर आणि मनुष्य यांच्यामध्यें ख्रिस्ताखेरीज दुसरा मध्यस्थ नाहीं, हें त्यांचें आद्य तत्त्व. पापाची कबुली ऐकून घेणारा धर्मगुरु बहुतेक ठिकाणीं गेला. त्याच्याबरोबर त्याचा अधिकार गेला, त्याचा जाचही गेला. मागें राहिलें पवित्र शास्त्र, आणि तें वाचणारा एकटा मनुष्य. तत्त्व म्हणून हें ठीकच आहे. पण हा एकटा मनुष्य मध्यरात्रीं आपल्याच मनाशीं झगडूं लागला म्हणजे त्यानें कोणाचें दार ठोठवावें?

अठराव्या शतकांतील इंग्लंडांत या प्रश्नाचें एक उत्तर मिळालें. आणि तें कोणा धर्मपरिषदेच्या ठरावानें मिळालें नाहीं, एका माजी खलाशाच्या बैठकीच्या खोलींत मिळालें. या खलाशाचें नांव जॉन न्यूटन. 'अमेझिंग ग्रेस' हें त्याचें गीत आज जगभर गाइलें जातें, आणि त्यामुळें तो गीतकार म्हणूनच बहुतेकांस ठाऊक असतो. आमच्या मतें त्याचें खरें कार्य गीतरचना नव्हे, आणि प्रवचनेंही नव्हेत. वक्ता म्हणून तर तो बेताचाच होता. एकेकट्या माणसाशीं बसून बोलणें आणि एकेकट्या माणसाला पत्र लिहिणें, हें त्याचें कार्य. ज्यांना त्यानें असा हात दिला त्यांपैकीं तिघांची हकीकत आम्ही येथें सांगणार आहों. ती सर्वस्वी यशाची नाहीं, आणि म्हणूनच सांगण्याजोगी आहे असें आम्हांस वाटतें.

न्यूटनचा जन्म लंडन येथें २४ जुलै १७२५ रोजीं झाला. बाप भूमध्यसमुद्रांत व्यापार करणाऱ्या जहाजाचा कप्तान. आई धर्मनिष्ठ, पण मुलाला सात वर्षें पुरीं होण्यापूर्वींच ती क्षयानें वारली. अकराव्या वर्षीं तो बापाबरोबर समुद्रावर गेला. पुढें आरमाराच्या लोकांनीं त्याला जबरीनें धरून युद्धनौकेवर चढविलें; तेथून तो पळाला, पकडला गेला, त्यानें फटके खाल्ले. अखेर तो आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गुलामांच्या एका गोऱ्या व्यापाऱ्याकडे जाऊन पडला आणि तेथें स्वतःच गुलामासारखा राबला. इ. स. १७४८ च्या मार्चांत मायदेशीं परततांना त्याचें जहाज अटलांटिक महासागरांत वादळांत सांपडलें. ईश्वराची टवाळी करण्यांत ज्याचा हात धरणारा त्या जहाजावर कोणी नव्हता, त्याच्या तोंडून त्या दिवशीं प्रार्थनेचे शब्द निघाले. तो दिवस त्यानें पुढें जन्मभर पाळला.

येथपर्यंतची कथा इंग्रजी पुस्तकांत अनेकदां सांगितलेली आहे, आणि ती येथेंच संपवून वाचकाच्या डोळ्यांत पाणी आणण्याची चालही जुनी आहे. आमचा विषय मात्र येथून सुरू होतो. वादळानंतर काय झालें? न्यूटन स्वतःच कबूल करितो कीं, त्या दिवसानंतर बराच काळ तो पुऱ्या अर्थानें ख्रिस्ती झालाच नव्हता. बायबल तो वाचीत होता, प्रार्थना करीत होता. पण त्या वाटेवर आपल्यापुढें गेलेला असा एकही मनुष्य त्याच्या परिचयाचा नव्हता. सहा वर्षें तो असा चांचपडत होता. आणि या सहांपैकीं चार वर्षें, म्हणजे १७५० पासून १७५४ पर्यंत, तो गुलाम वाहून नेणाऱ्या जहाजांचा कप्तान होता.

हें वाक्य वाचकांनीं पुन्हां एकदां वाचावें अशी आमची विनंति आहे. पश्चात्तापापूर्वीं नव्हे, पश्चात्तापानंतर. 'ड्यूक ऑफ अर्गाइल' आणि 'आफ्रिकन' या दोन जहाजांवरून त्यानें तीन सफरी केल्या. त्या सफरींची त्याच्याच हातची रोजनिशी शिल्लक राहिली असून ती १९६२ सालीं छापली गेली. १७५२ च्या डिसेंबरांत गुलामांनीं बंडाचा कट केल्याचा संशय आला, तेव्हां त्यानें कांहीं मुलांना बेड्या घातल्या आणि कबुलीसाठीं त्यांचे आंगठे लोखंडी चापांत धरून पिळविले. ही नोंद त्यानें हवामानाच्या नोंदीसारखीच शांतपणें केली आहे. त्याच काळांत तो जहाजावर एकांतांत लॅटिन शिकत होता, आत्मपरीक्षणाची निराळी वही लिहीत होता, आणि रविवारीं खलाशांना जमवून दोन वेळां उपासना चालवीत होता. हा मनुष्य ढोंगी होता असें म्हणून मोकळें होणें सोपें आहे; पण तो ढोंगी नव्हता. त्याच्या काळाला जें दिसत नव्हतें तें त्यालाही दिसत नव्हतें, आणि दाखविणारें कोणी नव्हतें.

१७५४ सालीं वेस्ट इंडीजमधील सेंट किट्स बेटावर त्याला ॲलेक्झांडर क्लूनी नांवाचा एक कप्तान भेटला. लंडनच्या एका स्वतंत्र ख्रिस्ती मंडळीचा हा सभासद. जवळजवळ महिनाभर हे दोघे रोज रात्रीं आळीपाळीनें एकमेकांच्या जहाजावर बसत, आणि बोलतां बोलतां कित्येकदां पहांट होई. मोठ्यानें प्रार्थना कशी करावी, आपल्या चंचल मनावर भार न ठेवतां ईश्वराच्या वचनावर कसा ठेवावा, लंडनास गेल्यावर कोणाला भेटावें, हें सर्व क्लूनीनें त्याला सांगितलें. सहा वर्षांत पुस्तकांनीं जें झालें नाहीं तें एका महिन्याच्या सोबतीनें झालें, असा न्यूटनचाच अभिप्राय आहे. पुढें त्यानें स्वतः जें काम चाळीस वर्षें केलें त्याचा कित्ता या रात्रींतच त्याला मिळाला असें आम्ही समजतों. परंतु या महिन्याची जी हकीकत न्यूटननें लिहून ठेविली आहे, तींत एका गोष्टीचा उल्लेख नाहीं. त्याच्या जहाजाच्या तळाशीं कोणता माल भरून आला होता, याविषयीं त्या दोघां भाविकांत बोलणें झालें असें कोठेंही दिसत नाहीं. त्यानें समुद्र सोडला तोही विवेकाच्या टोंचणीनें नव्हे. त्याच वर्षीं पुढच्या सफरीवर निघण्याच्या सुमारास त्याला अकस्मात् फेंफऱ्यासारखा झटका आला आणि वैद्यांनीं जाऊं दिलें नाहीं, म्हणून.

वाटाड्याची योग्यता सांगणाऱ्यानें ही गोष्ट झांकून ठेवूं नये. ज्याला आपण मार्ग विचारतों तो आपल्याइतकाच आपल्या काळाचा कैदी असतो.

कांहीं वर्षें लिव्हरपूल बंदरांत जकातखात्याची नोकरी केल्यावर १७६४ मध्यें न्यूटनला धर्मदीक्षा मिळाली आणि बकिंगहॅमशायरमधील ओल्नी या गांवीं तो पाळक म्हणून गेला. लेस विणून पोट भरणाऱ्या गरिबांचें हें गांव. जॉन थॉर्नटन नांवाचा एक धनाढ्य व्यापारी त्याला वर्षाला २०० पौंड देई. 'येणाऱ्याजाणाऱ्यासाठीं घर उघडें ठेवा,' एवढीच त्याची अपेक्षा. न्यूटननें घर खरोखरच उघडें ठेविलें. अडलेले, गोंधळलेले, देवावर रुसलेले, नाना तऱ्हेचे लोक तेथें येत. ज्यांना येतां येत नसे ते पत्रें लिहीत. या पत्रांना दिलेल्या उत्तरांपैकीं कांहीं त्यानें पुढें 'कार्डिफोनिया' या नांवानें छापलीं. आपल्या हातून जी कांहीं सेवा व्हावयाची ती पत्रांच्याच द्वारें अधिक व्हावी अशी ईश्वराची इच्छा दिसते, असें तो म्हणत असे.

ओल्नीच्या शेजारच्या गांवीं टॉमस स्कॉट नांवाचा एक तरुण पाळक होता. हुशार, मानी, वाद घालण्यांत पटाईत. ख्रिस्ताच्या देवत्वावर त्याचा विश्वास उरला नव्हता, पण पगार चालू होता. १७७४ च्या आरंभीं त्याच्याच गांवांतील एक नवराबायको मरणास टेंकलीं. बोलावणें आलें नाहीं म्हणून स्कॉट त्यांच्याकडे गेला नाहीं. मागाहून त्याला कळलें कीं, शेजारच्या गांवचा न्यूटन अनेक वेळां येऊन त्यांची विचारपूस करून गेला. स्कॉटनें लिहिलें आहे कीं, न्यूटनच्या मतांना तो हंसत असे, परंतु या प्रसंगीं त्याला आपलीच लाज वाटली.

तरी मानी मनुष्याची लाज वादाच्या रूपानें बाहेर पडते. १७७५ सालीं त्यानें न्यूटनशीं पत्रव्यवहार सुरू केला, तो त्याला वादांत ओढून चीत करावयाच्या हेतूनें. न्यूटननें उत्तरें धाडलीं, सविस्तर धाडलीं, पण आखाड्यांत पाऊल टाकलें नाहीं. तुम्ही प्रामाणिकपणें शोधीत आहां, तर ईश्वर तुम्हांला पायरीपायरीनें नेईल, माझीं मतें तुमच्यावर लादण्याची मला घाई नाहीं, असा त्या पत्रांचा सारांश आहे. स्कॉट कंटाळला. प्रतिपक्षी लढतच नाहीं म्हटल्यावर त्यानें पत्रव्यवहार बंद केला. न्यूटननेंही पाठपुरावा केला नाहीं. पुढें स्कॉटवर अडचणीचे दिवस आले, तेव्हां तो आपण होऊन न्यूटनच्या दारीं गेला. आणि तेव्हांही, जुन्या वादाचा हिशेब मिटविण्याची ही संधि आहे हें न्यूटनच्या ध्यानांतही आलें नाहीं. शास्त्र वाचीत वाचीत, एकेक मत तपाशीत, स्कॉट आपल्या पायांनीं चालत त्याच ठिकाणीं येऊन पोंचला आणि १७७९ मध्यें त्यानें या प्रवासाचें वृत्त पुस्तकरूपानें प्रसिद्ध केलें. दोन वर्षांनीं ओल्नीच्या पाळकाची जागा त्यालाच मिळाली.

जिंकतां आलें असतें तेथें न जिंकणें, हें आम्हां शिक्षकांना किती अवघड जातें तें आम्ही जाणतों. वर्गांत एखादा विद्यार्थी उलट उत्तर देतो, आपल्यापाशीं त्याला गप्प करण्याजोगें वाक्य तयार असतें, आणि तें वाक्य बहुधा बाहेर पडतेंच.

या स्कॉटचें आणि आपल्या भाषेचें एक नातें आहे, तें सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. त्याच टापूंत, नॉर्दम्प्टनशायरच्या खेड्यांत, एक गरीब मुलगा जोडे शिवण्याचें काम शिकत होता. त्याच्या मालकाकडे स्कॉटचें जाणेंयेणें असे. त्या मुलाचें नांव विल्यम कॅरे. आपल्या अंतःकरणांत ईश्वरी कार्याचा जो कांहीं अंश असेल त्याचें पुष्कळसें श्रेय स्कॉटच्या उपदेशाला आहे, असें कॅरेनें पुढें लिहिलें. १७९३ मध्यें हिंदुस्थानास निघण्यापूर्वीं तो लंडनमध्यें वृद्ध न्यूटनला भेटला. कंपनी सरकारनें परत पाठविलें तर काय करावें, असें त्यानें विचारलें. तेथें तुमच्या हातून कांहीं व्हावें असें ईश्वराच्या मनांत असेल तर कोणतीही सत्ता तुम्हांला अडवूं शकणार नाहीं, असें उत्तर न्यूटननें दिल्याचें चरित्रकार नमूद करतात. हाच कॅरे फोर्ट विल्यम कॉलेजांत बंगाली व संस्कृत यांच्याबरोबर मराठीही शिकवूं लागला. वैजनाथ पंडितांच्या साह्यानें रचलेलें त्याचें मराठी व्याकरण १८०५ सालीं श्रीरामपुरास छापलें गेलें आणि १८१० सालीं त्याचा मराठी कोश निघाला. मराठी गद्याच्या मुद्रणाचा इतिहास लिहितांना आपण श्रीरामपुरापासून आरंभ करितों. त्या वाटेची एक लहानशी आडवाट ओल्नीजवळच्या त्या मरणोन्मुख जोडप्याच्या बिछान्यापाशीं जाऊन पोंचते. कॅरेला घडविणारे इतरही होते, विशेषतः ओल्नीचाच बॅप्टिस्ट पाळक जॉन सटक्लिफ. म्हणून या गोष्टीला आम्ही आडवाटच म्हणतों.

आतां कूपरची हकीकत. विल्यम कूपर हा कवि १७६७ मध्यें मिसेस अनविन या विधवा स्नेहिणीच्या कुटुंबाबरोबर ओल्नीस येऊन राहिला, तो न्यूटनच्या सहवासासाठींच. दोघांच्या घरांमध्यें एक फळबाग होती; तींतून जाण्यायेण्याच्या हक्काबद्दल तिच्या मालकाला वर्षाला एक गिनी देत, इतकी ये-जा असे. आमच्या तरुणपणीं कूपरच्या कविता शिकवितांना आम्ही विद्यार्थ्यांना बिनदिक्कत सांगत असूं कीं, या हळव्या कवीला न्यूटनच्या करड्या धर्मानें वेड लावलें. कोणा टीकाकाराचें तें मत आम्हीं उसनें घेतलें होतें, आणि पंधरा-वीस वर्षें तें आमचें म्हणून खपविलें. पुढें दोघांचीं पत्रें मुळांतून वाचलीं, तेव्हां आपण एका मृत माणसावर अन्याय करीत आलों असें दिसून आलें. कूपरला बुद्धिभ्रंशाचा मोठा झटका १७६३ मध्येंच, न्यूटनची भेट होण्याच्या चार वर्षें अगोदर, येऊन गेला होता.

दुसरा झटका आला तो १७७३ च्या जानेवारींत. विलक्षण योग असा कीं, त्याच महिन्याच्या पहिल्या दिवशीं न्यूटननें ईश्वरी कृपेचें तें सुप्रसिद्ध गीत आपल्या मंडळीपुढें ठेविलें होतें. ती कृपा सर्वांना आहे, फक्त आपल्याला नाहीं, अशी कूपरची समजूत झाली; देवानें आपल्याला टाकलें. एप्रिलांत तो न्यूटनच्या घरीं आला आणि एक वर्षाहून अधिक काळ तेथेंच राहिला, दोन पावलांवरच्या स्वतःच्या घरीं जाण्याचें त्याला भय वाटे. न्यूटन पतिपत्नींनीं त्याला संभाळलें. आपला धीर मधूनमधून सुटतो, हें न्यूटननें लपविलें नाहीं. पण पाहुण्याला त्यानें जा म्हटलें नाहीं. युक्तिवादानें, शास्त्रवचनानें, प्रार्थनेनें त्याची समजूत काढण्याचे सर्व उपाय हरले. कूपर पुढें सत्तावीस वर्षें जगला, त्याची उत्तम कविता याच काळांतली. परंतु प्रार्थनामंदिरांत तो पुन्हां गेला नाहीं. १७७९ मध्यें ओल्नीचीं गीतें पुस्तकरूपानें निघालीं, त्यांतल्या ३४८ गीतांपैकीं साठांहून अधिक कूपरचीं आहेत. इतरांना धीर देणारीं तीं गीतें त्याला स्वतःला धीर देऊं शकलीं नाहींत. मार्गदर्शनानें सर्व रोग बरे होतात असें समजणाऱ्यांनीं हें प्रकरण ध्यानांत ठेवावें. न्यूटनला त्याच्यासाठीं एकच गोष्ट करतां आली, ती म्हणजे त्याला घरांत ठेवून घेणें.

येथें थांबतां आलें असतें तर न्यूटनची बाजू निर्मळ राहिली असती. पण १७८० सालीं तो लंडनच्या सेंट मेरी वूलनॉथ या मंदिराचा पाळक होऊन ओल्नी सोडून गेला, आणि १७८६ मध्यें त्याच्या कानांवर आलें कीं, कूपर व मिसेस अनविन शेजारच्या एका कॅथलिक जमीनदाराच्या घरीं जातात-येतात, गाडींतून हिंडतात, त्यांचें चित्त संसाराकडे वळलें आहे. न्यूटननें शहानिशा न करितां मिसेस अनविनला कडक शब्दांत पत्र लिहिलें. तेरा वर्षें काळोखांत बसलेल्या माणसाला कोठें चार घटका मोकळा वारा लागत होता, त्यावर हा कोरडा! कूपर फार दुखावला. त्यानें उत्तर दिलें तें संयमानें, पण त्यांतली वेदना आजही लपत नाहीं. मैत्री तुटली नाहीं. पहिल्यासारखी मात्र राहिली नाहीं. जोंवर न्यूटन बागेपलीकडे राहत होता, माणूस डोळ्यांसमोर होता, तोंवर तो त्याला समजून घेत होता. दूर गेल्यावर ऐकीव गोष्टीवर त्यानें निकाल दिला. त्याच्या मतांत या सहा वर्षांत कांहीं फरक पडला नव्हता, केवळ अंतर वाढलें होतें.

आणि याच्या आदल्याच वर्षीं त्याच्या हातून आयुष्यांतील सर्वांत शहाणपणाचा सल्ला दिला गेला होता! १७८५ च्या डिसेंबरांत विल्यम विल्बरफोर्स या सव्वीस वर्षांच्या पार्लमेंटच्या सभासदानें त्याला चिठ्ठी लिहून गुप्त भेट मागितली. यॉर्कशायरसारख्या मोठ्या परगण्याचा हा प्रतिनिधि, पंतप्रधान पिटचा जिवलग मित्र, मेजवान्यांतला लाडका गायक. प्रवासांत आयझॅक मिल्नर या विद्वान सोबत्याबरोबर धर्मग्रंथ वाचतां वाचतां त्याच्या मनाची उलथापालथ झाली होती. भेट कोणाला कळूं नये, कारण हल्लीं प्रेक्षकांच्या सज्जांत इतकी गर्दी असते कीं सभासदांचे चेहरे सर्वांना पाठ असतात, असें त्यानें चिठ्ठींत बजावलें. ठरल्या दिवशीं तो न्यूटन राहत होता त्या होक्स्टन भागांतील चार्ल्स स्क्वेअरला आला, आणि दार वाजविण्याचा धीर होईना म्हणून चौकाला एकदोन फेऱ्या घालून मग आंत गेला. भेट तशी नवी नव्हती. बाप वारल्यावर लहानपणीं तो आपल्या चुलत्या-चुलतीकडे असे, तेव्हां न्यूटनला त्यानें पाहिलें होतें, ऐकलें होतें. मुलगा धर्मवेडा होईल या भीतीनें आईनें त्याला परत नेलें. त्या मुलाची आशा आपण कधींच सोडली नव्हती, असें म्हाताऱ्यानें त्याला सांगितलें.

त्या तरुणाची कल्पना अशी होती कीं, ईश्वरभक्ति म्हणजे राजकारणाचा त्याग, कदाचित् धर्मदीक्षाही. न्यूटनच्या जागीं दुसरा कोणी असता तर असा मोठा मासा गळाला लागल्यावर त्यानें त्याला आपल्याच कळपांत ओढलें असतें; स्वतः न्यूटन समुद्र आणि सरकारी नोकरी सोडून पाळक झालेला, तेव्हां आपलाच मार्ग त्याला दाखवावा हा मोह किती स्वाभाविक होता! त्यानें उलट सांगितलें. नवे संबंध घाईनें जोडूं नका, जुन्या मित्रांपासून फार दूर जाऊं नका. विल्बरफोर्स परत गेला तो शांत मनानें, असें त्याच्या रोजनिशींत आहे.

या एका भेटीनें इतिहास घडला असें म्हणण्याची चाल आहे, ती आम्हांस मान्य नाहीं. पिटनेंही त्याच आठवड्यांत आपल्या मित्राला लिहून व भेटून सार्वजनिक काम सोडूं नये म्हणून गळ घातली होती. आणि गुलामांच्या व्यापाराचा प्रश्न विल्बरफोर्सच्या हातीं आला तो टॉमस क्लार्कसन आदि मंडळींच्या श्रमानें. पण पिट हा राजकारणी मित्र. देवासाठीं राजकारण सोडूं निघालेल्या माणसाला 'सोडूं नकोस' हें पिटनें सांगणें आणि देवाच्या माणसानें सांगणें यांत फरक आहे. १७९६ मध्यें व्यापारबंदीचा ठराव ७० विरुद्ध ७४ अशा चार मतांनीं फेटाळला गेला, त्याचे कांहीं पाठीराखे त्या रात्रीं नव्या संगीत नाटकाला गेले होते! विल्बरफोर्स खचला, निवृत्तीचे विचार बोलूं लागला. तेव्हांही न्यूटननें पत्र लिहून, परक्या राजाच्या दरबारांत राहून देवाचा राहिलेल्या दानिएलाची त्याला आठवण दिली.

या शिष्यानें गुरूला काय परत दिलें, तें पाहण्याजोगें आहे. न्यूटनचें आत्मवृत्त १७६४ मध्यें निघालें. त्यांत तो लिहितो कीं, गुलामांच्या व्यापारांत असतांना तो व्यापार अधर्म्य आहे अशी शंकासुद्धां त्याला आली नाहीं. बेड्या-साखळ्यांच्या धंद्याचा वीट मात्र येई. त्यानंतर या विषयावर जाहीररीत्या तो बोललाच नाहीं. जॉन वेस्लीनें १७७४ मध्यें गुलामगिरीविरुद्ध पुस्तक लिहिलें, न्यूटन गप्प होता. शेकडों लोकांच्या पापांची कबुली ऐकणाऱ्या या माणसाचें स्वतःचें एक पाप तीसाहून अधिक वर्षें बिनबोललेलें पडून होतें. १७८७ मध्यें विल्बरफोर्सनें गुलामांचा व्यापार बंद पाडण्याचें काम अंगावर घेतलें. आणि १७८८ च्या आरंभीं न्यूटनचें त्या व्यापारावरचें पुस्तक निघालें. कबुलीला फार उशीर झाला आहे, ज्या धंद्याच्या आठवणीनें आज काळीज थरारतें त्यांत आपण एकेकाळीं हात घातला होता ही शरम जन्मभर पुरेल, असा त्याचा आशय. जहाजाच्या तळाशीं माणसें फळीवरच्या पुस्तकांसारखीं कशीं रचीत, याचें वर्णन त्यानें पाहिल्याप्रमाणें केलें, कारण तें रचविणारा तोच होता. पुस्तकाची प्रत पार्लमेंटच्या प्रत्येक सभासदाला धाडण्यांत आली. साठी उलटलेला हा धर्मोपदेशक प्रिव्ही कौन्सिलपुढें आणि मग कॉमन्स सभेच्या समितीपुढें साक्षीला उभा राहिला. दार ठोठवायला आलेल्या तरुणाच्या कामानें त्याच्या घरांतली बंद खोली उघडली. सालांच्या क्रमापलीकडे आमच्यापाशीं पुरावा नाहीं. पण हा क्रम योगायोगाचा आहे असें मानावयास आमचें मन घेत नाहीं.

१८०७ च्या फेब्रुवारींत तो कायदा कॉमन्स सभेंत २८३ विरुद्ध १६ मतांनीं संमत झाला आणि २५ मार्चला त्यावर राजाची मोहर उमटली. न्यूटनला तेव्हां डोळ्यांनीं जवळजवळ दिसत नव्हतें, ऐकूंही कमी येत होतें. त्याच वर्षीं २१ डिसेंबरला तो वारला. आपल्या थडग्यावर काय लिहावें तें त्यानें अगोदरच लिहून ठेविलें होतें: आपण एकेकाळीं नास्तिक व दुराचारी होतों, आफ्रिकेंत गुलामांचे चाकर होतों, आणि ईश्वराच्या दयेनें वांचलों. गुलामांचे कप्तान होतों, हें त्यांत नाहीं. १८९३ सालीं त्याच्या अस्थि लंडनहून हलवून ओल्नीच्या मंदिराच्या आवारांत पुन्हां पुरल्या.